ड्रिलबाईंची बरगडी

ड्रिलबाई हसल्या की समजावं, त्यांना दुखतंय. एरवी त्यांचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. मुली आपापसात म्हणत, "आज बाई खुशीत दिसतात, दोनदा हसल्या." मी तेव्हा शिवणाच्या वर्गात मशीनमागे बसून मनात म्हणत असे, म्हणजे आज दोनदा आली वाटतं. डाव्या कुशीत, सहावी की सातवी बरगडी असेल तिथे, धावताना किंवा हात वर नेताना आतून कुणीतरी चिमटा घ्यावा तशी कळ यायची. तोंडून आवाज फुटू नये म्हणून त्या दात मिटून ओठ ताणत, आणि लांबून पाहणाऱ्याला ते हसू वाटे. हे कळायला मला सहा महिने लागले, तेही एका खोलीत राहून.

एका खोलीत राहण्याचं कारण सांगते. एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. नाशकात एकट्या बाईला जागा द्यायला कुणी तयार नसे, पण दोन एकट्या बायका असल्या की मालकिणींना धीर यायचा. मी नवऱ्याने टाकलेली, त्या एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेल्या. आमच्या दोघींची मिळून एक अब्रू झाली आणि रविवार कारंज्याजवळ एका माडीवर एक खोली मिळाली. त्या मूळच्या देवळ्याकडच्या, कांदा पिकवणाऱ्या घरातल्या. थोरला भाऊ प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्याने गावाच्या नाकावर टिच्चून बहिणीला शिकवलं, मग कसरतीच्या शिक्षणाला पाठवलं. आमच्या मुलींच्या शाळेत ड्रिल शिकवायला त्या आल्या तेव्हा सगळ्यांनी आधी त्यांचा कासोटा पाहिला आणि मग त्यांचं शिक्षण विचारलं.

शाळेत आम्हांला नावं नव्हती. मी शिवणबाई, त्या ड्रिलबाई, तिसरी गणितबाई. घरी आल्यावरही त्या मला "अगं शिवणबाई" म्हणूनच हाक मारायच्या. माझ्यापेक्षा सातेक वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना शेवटपर्यंत अहो-जाहो केलं.

दुखण्याला त्या 'पाहुणी' म्हणत. "आज पाहुणी सकाळीच आली, जेवूनच जाईल." ही पाहुणी पहिल्यांदा आली ती शिक्षणाच्या वर्षात, दोरीवरच्या उड्या मारताना. तिथल्या मुख्य बाईंनी कुशीला हात लावून पाहिला आणि सांगितलं, चुकवेगिरी आहे. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं ती यायची आणि जायची. बसलं की पंधरा मिनिटांत जायची, कसरत केली की यायची. स्वयंपाक करताना नाही, पाणी भरताना नाही, गंगेवर धुणं आपटतानासुद्धा नाही. नेमकी धावताना आणि हात वर नेताना. "मुद्दाम करते बघ," त्या म्हणायच्या. "दुसरं काही कर म्हणते, तर नाही. माझ्या पोटावरच पाय."

उपाय त्यांनी कोणते केले नाहीत ते विचारा. पंचवटीतल्या वैद्यबुवांनी वात सांगितला आणि हरभरा बंद केला. जुन्या नाशकातल्या हकीमसाहेबांनी नाडी धरून जिगर गरम असल्याचं सांगितलं आणि हरभरा खायला लावला. सिन्नरच्या हाडवैद्याने बरगडी 'बसवून' दिली, ती आठ दिवस उठून बसता येईना. शेवटी भाऊ त्यांना मुंबईला घेऊन गेला आणि एक्स-रेचा फोटो काढून आणला. त्या काळ्या फिल्मवर बरगड्या कशा, फणीच्या दातांसारख्या सरळ. डॉक्टरांनी सांगितलं, काही नाही. ड्रिलबाईंनी ती फिल्म खिडकीच्या वरच्या गजाला लावून ठेवली होती. कुणी विचारलं तर सांगायच्या, "माझा फोटो. लग्नातला नाही, म्हटलं हा तरी असू दे." सकाळचं ऊन त्यातून यायचं आणि भिंतीवर त्यांच्या बरगड्या पडायच्या. मला चहा पिताना ते पाहवायचं नाही, पण त्या खुशाल पाहत बसत.

"काही नाही" हे दोन शब्द त्यांनी इतक्यांदा ऐकले होते की दुखणं असह्य झालं की त्याच ते म्हणायच्या, आणि तेही माहेरच्या अहिराणीत. कुशीवर तळवा दाबून, डोळे मिटून, स्वतःलाच समजावत, "काही नही शे, काही नही शे." डोळे उघडले की पुन्हा पुस्तकी मराठी. मी एकदा म्हटलं, "अहो, रडा तरी थोडं." त्या म्हणाल्या, "दाखवता येत नाही ते दुखणं बाईमाणसानं सांगू नये. हात मोडला तर लोक हळद लावतात. असं काही सांगितलं तर नाव लावतात." त्यांना नाव लागलंच होतं. सासरी एकदा राहायला गेल्या तेव्हा जावेने चारचौघींत म्हटलं होतं की जाऊबाईंची बरगडी माळ्यावरचं काढायची वेळ आली की बरोबर दुखते. तो घाव बरगडीपेक्षा खोल होता.

आणि तरी ड्रिल त्यांनी सोडली नाही. सोडून शिकवायचं काय, भूगोल? त्या म्हणत, "मला दुसरं काही येत नाही, आणि आवडत तर मुळीच नाही." मग त्यांनी युक्त्या काढल्या. धावण्याच्या वेळी मुलींना मैदानाच्या कडेने पळवायचं आणि आपण मधोमध उभं राहून स्वतःभोवती फिरायचं. मुलींना वाटे, बाईंचं सगळीकडे लक्ष आहे. हात वर नेताना आधी उजवा न्यायचा, तो वर पोचला की श्वास सोडत डावा. एक महिना भात बंद, दुसऱ्या महिन्यात ताक बंद, तिसऱ्यात कुशीवर निजणं बंद. कशानेच काही झालं नाही, पण प्रत्येक वेळी त्या नव्या उमेदीने सुरुवात करत. "ताक नव्हतं तर मग. आता चिंच सोडून बघू." त्यांचं हे बघू मला फार आवडायचं. मी नवऱ्याने टाकल्यापासून बघू म्हणणं सोडलं होतं. त्यांच्या संगतीने पुन्हा म्हणायला लागले.

त्यांचा खरा जीव लेझमीत होता. मुलींच्या हातात लेझीम देण्यावरून आधी गावात कुजबुज झाली, मग ती पाहायला गर्दी होऊ लागली. ताल धरायला भद्रकालीकडचे एक ताशेवाले चाचा येत. लग्नाच्या वराती वाजवून वाजवून त्यांचे कान जड झाले होते, पण डोळे घारीचे. मुलींकडे ते पाहतच नसत, ताशा गळ्यात अडकवून एकटक ड्रिलबाईंकडे बघत. ड्रिलबाई पुढे उभ्या राहून लेझीम करून दाखवत, चाळीस मुली मागे तेच करत. चार फेऱ्या झाल्या की लेझीम छातीशी धरून सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं. चाचा ताशावर काड्यांची बारीक कडकड धरायचे, जणू आभाळ भरून येतंय. मग एकदम पाचवी फेरी. मुली आपापसात त्या जागेला 'विसावा' म्हणत. पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. आमच्या लेझमीचं गावात नाव झालं ते त्या विसाव्यामुळे. मी तर त्यांच्या माघारी सांगत असे की ही ड्रिलबाईंची बुद्धी.

तीन वर्षं अशी गेली आणि ड्रिलबाईंना कायम करण्याची वेळ आली. आमच्या शाळेच्या चिटणीसांना मुलींची ड्रिलच मान्य नव्हती. "मुलींनी उड्या मारून काय दिवे लावायचेत?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पण शिक्षणखात्याने ड्रिल सक्तीची केल्यामुळे त्यांचा निरुपाय होता. त्यांनी अट घातली, खात्याच्या तपासनीस बाई येतील, त्यांच्यासमोर ड्रिल व्हावी, आणि डॉक्टरांचा दाखला यावा की बाई निरोगी आहेत. यातलं एक जरी हुकलं तरी ड्रिलबाईंना देवळ्याला परत जावं लागणार होतं. भावाच्या घरी, वहिनीच्या हाताखाली. विधवेला तिथे काय काम असतं ते मला सांगायला नको आणि तुम्हांला विचारायला नको.

तपासणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला मशीनपाशी गाठलं. "शिवणबाई, मला एक पट्टा शिवून दे. मांजरपाटाचा, दुहेरी, मागे चार बंद. इतका घट्ट की आत काही हलता कामा नये."

"श्वास कसा घेणार?"

"एक दिवस नाही घेतला तर मरत नाही मी. त्या दिवशी मला मध्ये कुठे थांबायचं नाहीये. तोंड वाकडं करायचं नाही, हसायचं नाही. एकदा सुरू केली की संपेपर्यंत सलग."

मी शिवला. दोन रात्री खपून नव्हे, एका दुपारीच, पण जीव ओतून शिवला. त्याच्या आत उभ्या काड्याही घातल्या, पोलक्याच्या आतून कुणाला दिसू नये म्हणून कडा दुमडून मारल्या. तपासणीच्या सकाळी त्या भिंतीला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या आणि मी गुडघा देऊन बंद आवळले. त्या म्हणाल्या, "अजून." मी आवळले. "अजून." माझ्या हातांना वळ पडले.

थंडीचे दिवस. मैदानावर खुर्च्या मांडल्या होत्या. तपासनीस बाई चष्मा लावलेल्या, वयस्क, कमी बोलणाऱ्या. शेजारी चिटणीस उपरणं सावरून बसलेले. कवायत झाली, डंबेल्स झाले, सगळं सुरळीत. मग लेझीम. चाचांनी ताशा तापवून आणला होता. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. ड्रिलबाईंची पाठ ताठ, हात दोन्ही एकदम वर जात होते, उजवा आधी आणि डावा मागून असं काही नाही. मी खांबाआड उभी राहून पट्ट्याला मनात नमस्कार केला. चौथी फेरी संपली.

आणि ड्रिलबाईंनी थेट पाचवी सुरू केली.

मागे चाळीस लेझमी एकदम गप्प झाल्या. चाळीसही मुली लेझीम छातीशी धरून उभ्या. चाचांची कडकड सुरू झाली होती. साऱ्या मैदानात एकच लेझीम खणखणत होती, ती ड्रिलबाईंची. त्या दोन पावलं पुढे गेल्या, वाकल्या, उठल्या, आणि मग त्यांना ते ऐकू आलं. म्हणजे मागच्या लेझमी ऐकू येत नव्हत्या ते. त्या थांबल्या. वळून मुलींकडे पाहिलं. मुली अगदी शांत होत्या, नेहमीप्रमाणे. बाईच चुकल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी तर त्यांच्याकडे जरा दया येऊन पाहत होत्या. चाचांनी मान हलवली, कडकड आणखी थोडी लांबवली आणि मग ताल दिला. पाचवी फेरी सगळ्यांनी मिळून पार पाडली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

चिटणीस तोंडभर हसले. "काय हो बाई, तुमची शिकवलेली लेझीम तुम्हांलाच येत नाही वाटतं?"

तपासनीस बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी विचारलं, "मुली थांबल्या, तुम्ही थांबला नाहीत. बरोबर कोण?"

आता इथे एखादीने सांगितलं असतं की मुली घाबरल्या, त्यांची चूक झाली. ड्रिलबाई धापा टाकत होत्या, पट्ट्यामुळे श्वास आत जात नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा मुलींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुली बरोबर आहेत. ती जागा लेझमीत नव्हती कधी. चार फेऱ्या झाल्या की माझ्या बरगडीत कळ येते, म्हणून मी थांबत असेन. मला वाटे, क्षणभर श्वास घेते; इतकी थांबते हे मला स्वतःला माहीत नव्हतं. मुलींना वाटलं, लेझीम अशीच असते. आज मी पट्टा बांधून आलेय, म्हणून थांबले नाही."

चिटणीसांचे डोळे चमकले. "म्हणजे प्रकृतीचा दोष आहे! मग डॉक्टरांचा दाखला पाहूच."

डॉक्टर तिथेच होते, सिव्हिलकडचे, घाईत असलेले. त्यांनी ऑफिसात पडदा लावून ड्रिलबाईंना तपासलं. मी बरोबर होते. आधी माझा पट्टा पाहून त्यांनी मलाच खडसावलं, "हा कुणी शिवला? हिला मारायचं आहे का?" मग छाती तपासली, पाठ ठोकली, बरगड्या एकेक दाबून पाहिल्या. ड्रिलबाईंनी मुंबईची गोष्ट सांगितली. मी धावत माडीवर जाऊन खिडकीतली फिल्म काढून आणली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, खांदे उडवले आणि कागदावर लिहिलं, प्रकृती उत्तम, कोणताही दोष आढळला नाही.

चिटणीस म्हणाले, "अहो, पण त्या स्वतः सांगतात दुखतं म्हणून."

"दुखत असेल," डॉक्टर म्हणाले. "पण मला काही सापडत नाही. सापडत नाही ते मी लिहू कसं?"

ज्या 'काही नाही'ने त्यांना इतकी वर्षं छळलं, त्याच 'काही नाही'ने त्यांना नोकरीत कायम केलं. तपासनीस बाईंनी शेऱ्यात लेझीम उत्कृष्ट असं लिहिलं, आणि जाताना चिटणीसांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "ती थांबण्याची जागा तेवढी काढू नका." ड्रिलबाई त्या संध्याकाळी कढी-खिचडी करायला बसल्या आणि ताक घालताना म्हणाल्या, "आता सगळं खाऊन घेणार. सोडायचं ते सोडून झालं." आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून मालकिणीने जिन्यातून विचारलं, कोण आलंय.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना गाठलं. "चाचा, तुम्हांला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून," चाचा म्हणाले. "बाई, ताशेवाल्याला पैलवानाचाबी दम कळतो आन् घोड्याचाबी. बाईंचा दम अटकला की मी कडकड धरायचो, लोकांचा ध्यान इकडं. त्यात काय. आमच्या वरातीत नवरदेवाची चप्पल तुटली तरी आम्ही हेच करतो."

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

"त्यांनी मला कुठं सांगितलं?"

त्यानंतर पाहुणी गेली असं मुळीच नाही. पण ड्रिलबाईंनी तिच्यापायी लपायचं सोडलं. कळ आली की मैदानाच्या मधोमध फतकल मारून बसायच्या आणि मुलींना म्हणायच्या, "माझं दुखतंय. तुम्ही चालू ठेवा." मुली चालू ठेवायच्या. एखादी पाण्याचा तांब्या आणून ठेवायची आणि काही न विचारता परत रांगेत जायची. चिटणीसांनी एकदा हे पाहिलं आणि मान फिरवून निघून गेले. मी पट्टा उसवून त्याच्या दोन पिशव्या शिवल्या. कांदे ठेवायला बऱ्या झाल्या.

चार वर्षांनी त्यांना मोठी जागा आली, ड्रिल शिकवणाऱ्या बायकांना शिकवण्याची, पार दूर. मी नाशिक रोडला पोचवायला गेले. टांग्यात आम्ही कांद्याचे भाव, मालकीणबाईंचं मांजर, असलं काहीबाही बोलत होतो. स्टेशनात गाडीला वेळ होता. तेव्हा मला राहवलं नाही. चार भिंतींत सात वर्षं काढल्यावर हे एक मनात ठेवून त्यांना जाऊ देणं मला बरं वाटेना.

मी म्हटलं, "ड्रिलबाई, एक सांगते, रागावू नका. सुरुवातीला मला पण कधीकधी वाटायचं. कुठे काही दिसत नाही, कुणाला सापडत नाही, फक्त ड्रिलच्या वेळी दुखतं. वाटायचं, खरंच दुखतं का यांना?"

त्या म्हणाल्या, "त्यात काय रागवायचं. मला पण वाटायचं."

"म्हणजे?"

"इतकी माणसं काही नाही म्हणतात, तर मीच खोटी असेन, असं वाटायचं. दुखत असताना सुद्धा वाटायचं. जाऊबाई म्हणाल्या ते खरं असेल. आपलं मनच चुकार." गाडी फलाटाला लागली होती. मी त्यांची वळकटी आत सरकवली. त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि माझा हात खिडकीतून धरला. "त्या दिवशी पोरी थांबल्या ना, तेव्हा मला पहिल्यांदा खात्री पटली. चाळीस जणींना एकाच जागी खोटं दुखत नाही गं."